कोपऱ्याला कोपर, काचेला कल्याण

हत्यार मोजून देता येते आणि मोजून परत घेता येते. गोष्टीचे तसे नसते.

इमारतींच्या खिडक्या पुसणारी आमची एक लहानशी मंडळी डोंबिवलीत आहे. तिचे सामान गेली नऊ वर्षे माझ्या ताब्यात आहे. त्याआधी मी एका कारखान्याचे भांडार सांभाळत असे. सकाळी देवापुढे दिवा लावतो, मग सामानाच्या खोलीचे कुलूप काढतो. दिवसभरात बादल्या, वायपर, काठ्या बाहेर जातात. संध्याकाळी त्या ओल्या होऊन परत येतात आणि प्रत्येक बादलीबरोबर एखादी गोष्ट येते. बादली पालथी घातली की वाळते. गोष्ट वाळत नाही. दहा बाय आठची ती खोली आता सामानापेक्षा गोष्टींनीच अधिक भरली आहे.

चार स्नेही बसले की म्हणतात, “अण्णा, तो कोपरीचा किस्सा सांगा!” मी हसवण्यासाठी सांगत नाही. माणसाने माप ओळखावे, एवढ्यासाठी सांगतो. लोक हसतात, त्याला माझा इलाज नाही.

*

आमचे मुख्य हत्यार वायपर. एक मूठ, मुठीवर आडवी पट्टी, पट्टीत रबर. पट्टी सहा इंचांची, दहाची, चौदाची आणि अठराची. नियम एवढाच की पट्टी काचेहून लहान असावी आणि दोन-तीन ओढींत काच संपावी. नियम सोपा असल्यामुळे कोणी पाळत नाही.

दत्ताराम तर नाहीच. दत्ताराम मूळचा देवगडकडचा, वय सत्तावन्न, काचेवर बावीस वर्षे. अठरा इंचांखालच्या वायपरला तो हात लावत नसे. मी लहान पट्टी पुढे केली की म्हणे, “अण्णानू, चमच्यानं विहीर उपसायला लावता काय?”

शहाडला तळमजल्यावरचे एक घर होते. खिडकीला बाहेरून लोखंडी जाळी, जाळीत तुळशीची आणि कोरफडीची कुंडी. मी दहा इंची दिला होता. दत्तारामने तो पिशवीतच ठेवला आणि गजांमधून अठरा इंची तिरका करून आत घातला. आत गेला. काच उत्तम पुसली गेली.

वायपर बाहेर येईना. हातही येईना, कारण हाताने वायपर धरला होता.

दत्ताराम कोपरापर्यंत जाळीत अडकून उभा. घरातल्या आजीबाई आतून म्हणाल्या, “अहो, मूठ सोडा की!”

“बावीस वर्षांत हत्यार सोडलं नाही, आजी!”

“मग आता चहा इथेच देऊ का?”

पाऊण तासाने संगीता वरच्या मजल्यावरून उतरली. संगीता आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी आणि सर्वांत स्वच्छ काच पुसणारी. तिने घरात जाऊन आतून खिडकी सरकवली, वायपरच्या मुठीवरचा खटका दाबला आणि पट्टी वेगळी करून हातात घेतली. मूठ आणि हात दोन्ही सुखरूप बाहेर आले.

दत्ताराम मनगट चोळत म्हणाला, “खटका मला ठाऊक होता. तुला ठाऊक आहे का, ते बघत होतो.”

*

अडचण आणखी एक होती. मोबाइलवर ‘सहा’ आणि ‘दहा’ हे शब्द एकसारखे ऐकू येतात. सहाची मागणी आली की दहा जाई, दहाची आली की सहा. मी सुचवले की आकडा दोनदा उच्चारावा. दत्तारामने सुचवले की आकडाच नको.

“स्टेशनांची नावं देऊ. सर्वांत छोटं ते कोपर. दहा इंची ठाकुर्ली. चौदा म्हणजे डोंबिवली. आणि अठरा…” इथे त्याने छाती पुढे काढली, “कल्याण!”

हत्याराला गावाचे नाव देणे मला पसंत नव्हते. वस्तू तिच्या मापानेच ओळखावी. पण आमच्या मालक वैशालीताई घाईच्या बाई आहेत. “मस्त! आजपासून हेच,” असे म्हणून त्या निघूनही गेल्या. मी चारही मुठींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. अक्षर माझे आहे, एवढेच त्यात माझे.

*

नावे रुळली आणि वर्षाच्या आत दत्तारामचा उजवा खांदा दुखू लागला. अठरा इंचांची ओली पट्टी दिवसभर डोक्यावर ओढणे हे सोपे काम नाही. हात कानाच्या वर जाईना. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. आत काय बोलणे झाले, ते त्यानेच मला विश्वासाने सांगितले.

डॉक्टरांनी विचारले, “हे कशामुळे झालं असं वाटतं?”

“कल्याण जास्त झालं.”

“किती वेळा होतं?”

“दिवसाला पन्नास-साठ वेळा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पन्नास वेळा? कल्याण?”

“रविवार सोडून.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. औषध लिहिले, व्यायाम लिहिला आणि खाली सूचना लिहिली की रुग्णाने कल्याण पूर्णपणे टाळावे, अन्यथा खांदा कायमचा आखडेल.

दत्तारामने तो कागद वैशालीताईंपुढे ठेवला. त्यांना वाईट वाटले. त्यांनी कल्याणमधली सगळी कामे त्याच्याकडून काढून आमच्यातल्याच जयवंतला दिली. दत्ताराम तीन आठवडे ठाण्यात हिंडला. हातात अठरा इंची!

एका दिवशी वैशालीताई अचानक ठाण्याच्या इमारतीखाली उभ्या राहिल्या. वर पाहिले आणि कडाडल्या, “दत्तूभाऊ! डॉक्टरांनी कल्याण टाळायला सांगितलंय ना?”

वरून उत्तर आले, “मग मी ठाण्यातच आहे ना, ताई!”

त्या संध्याकाळी निर्णय झाला. वैशालीताईंनी सर्वांसमोर सांगितले, “यापुढे तुमच्या हातात कल्याण दिसलं, तर काचेवरून खाली उतरायचं. ऑफिसात फोनवर बसायचं. कायमचं.”

दत्तारामचा चेहरा उतरला. “ताई, उन्हात उलटं टांगा. पण त्या खुर्चीत नका बसवू.”

“मग ठाकुर्ली वापरा. अण्णा, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुमच्यावर सोपवते.”

कल्याण कुलपात गेले. किल्ली मी जानव्याला बांधली.

*

कोपरीचा किस्सा त्यानंतरचा. ठाणे पूर्वेला कोपरीत एक जुने घर होते. खिडक्यांना लहान लहान चौकटी. कोपरे पुसायला दत्तारामला सहा इंची हवा होता. त्याने खोलीवर फोन केला. मी एकादशीचा देवळात होतो. फोन जयवंतने घेतला.

जयवंत कोपरजवळच्या आगरी गावचा. दोन मुलांचा बाप, अंगाने दणकट, आज्ञाधारक. त्याच्या गावात म्हातारी माणसे अजून कोपरी घालतात, म्हणजे आखूड बाह्यांचा जुन्या घाटाचा सदरा.

दत्ताराम म्हणाला, “कोपरीला कोपऱ्यासाठी कोपर पाठव. लवकर!”

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

जयवंत निघाला. वाटेत घरी थांबला, आजोबांची धुतलेली कोपरी पिशवीत घातली, कोपर स्टेशनला गेला आणि बाहेरच्या कोपऱ्यावर उभा राहिला. दीड तास. मग त्याने दत्तारामला फोन केला.

“दत्तूभाव, मी कवाचा हुबा हाय! तुमी कया हाव?”

“कोपरीत!”

“मंग मी ही दुसरी कोनासाठी आणली?”

तिन्ही शब्द त्याने बरोबर ऐकले होते. क्रम चुकला. आयुष्यातही बहुधा हेच होते.

*

बादलीचेही माप असते. काच आधी भिजवावी लागते. त्यासाठी दांड्याला फर गुंडाळलेले एक साधन असते. वैशालीताईंनी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून अठरा इंची फर आणला. आमच्या बादल्यांचे तोंड बारा इंचांचे. मी म्हणालो, “ताई, हा बादलीत मावणार नाही.” त्या म्हणाल्या, “ॲडजस्ट होईल हो, अण्णा!”

जयवंतने ॲडजस्ट केले. आंबिवलीला ज्या घरी काम होते, तिथल्या गॅलरीत एक रुंद पातेले पालथे घातलेले होते. घरात त्या वेळी कामवालीशिवाय कोणी नव्हते. त्याने पातेले सुलटे केले, पाणी घेतले, साबणाचे द्रावण घातले, फर बुडवला. फर अगदी मापात बसला. काम झाल्यावर पातेले दोनदा विसळून जागच्या जागी ठेवले. प्रामाणिक माणूस.

दुसऱ्या दिवशी त्याच घरी सत्यनारायण होता. यजमान माझ्या ओळखीचे, म्हणून मला आमंत्रण होते. पूजा यथासांग झाली. प्रसादाचा शिरा आला. त्याला लिंबाचा मंद वास होता.

पूजा सांगणारे गुरुजी यजमानीणबाईंना म्हणाले, “वहिनी, शिऱ्यात लिंबू? नवीन पद्धत दिसते.”

बाई गोंधळल्या. “नाही हो. फक्त केळं घातलंय.”

माझ्या बाजूला एक गृहस्थ बोट चाटत म्हणाले, “काही म्हणा, घशाला एकदम स्वच्छ वाटतं!”

मी त्या गॅलरीकडे पाहिले. आदल्या संध्याकाळी जयवंतने सांगितलेले रुंद पातेले तिथे नव्हते, शिऱ्यासकट आत होते. आमच्या साबणाचा वास मी नऊ वर्षे घेत आहे. प्रसाद नाकारणे पाप, आणि सत्य लपवणेही पाप. मी प्रसाद खाल्ला, मग यजमानांना बाजूला घेऊन सत्य सांगितले. क्रम मात्र विचारपूर्वक ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नवे पातेले पोचवले आणि खोलीत अठरा इंचांची बादली आणली.

*

दुसऱ्यांच्या चुका सांगणाऱ्याने स्वतःची एक तरी सांगावी.

ठाण्याच्या एका उंच इमारतीत सोळाव्या मजल्यावर काम होते. तिथल्या सज्जाची उंच काच पुसायला लांब काठी हवी होती. मी चिठ्ठीवर लिहिले, “काठी, बारा फूट.” जयवंत ती घेऊन गेला. लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने नेली, तर वळणावर अडके. प्रत्येक वळणाला तो काठी खिडकीतून बाहेर काढी, स्वतः अर्धा जिना चढे आणि पुन्हा आत ओढून घेई. खाली माणसे जमली. कोणीतरी वॉचमनला सांगितले की इमारतीतून काठी आपोआप वर चालली आहे.

तीन तासांनी तो सोळाव्या मजल्यावर पोचला. संगीता तिथे आधीच होती. तिने काठीचा मधला आटा फिरवला. काठी सरसर मिटून चार फुटांची झाली.

“ही मिटते?” जयवंत मटकन खाली बसला.

मी संध्याकाळी रागावलो. “काठी मिटते, हे माहीत नव्हते?”

त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. “अन्ना, तुमी बारा फूट लिवलंव. मी बारा फूटच नेली.”

मी क्षमा मागितली. आता चिठ्ठीवर लिहितो, “मिटवून न्यावी.”

*

इकडे दत्ताराम ठाकुर्ली वापरत होता, पण मनाने तो कल्याणातच होता. दहा इंची हातात घेताना त्याचा चेहरा असा होई, की एखाद्या पहिलवानाला बालवाडीत बसवले आहे. खोलीत आला की आधी माझ्या जानव्याकडे पाही.

एका सकाळी तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला. मी दिवा लावत होतो, संगीता बादल्या उचलत होती.

“अण्णानू, आज माझा वाढदिवस. अठ्ठावन्न लागलं.”

असे म्हणून त्याने वाकून माझे पाय धरले. वडीलधाऱ्याच्या तोंडून अशा वेळी जे निघते, तेच माझ्या तोंडून निघाले.

“कल्याण असो.”

दत्ताराम टुणकन उठला. “ऐकलंस ना, संगीता? अण्णांनी दिलं!”

मी किल्ली दिली नाही, हे सांगायला नकोच. पण नोंदवहीत त्याने त्या दिवसापुरती एक ओळ लिहून ठेवली, ती अजून आहे: “कल्याण मंजूर. अण्णांच्या तोंडी आदेशावरून. प्रत्यक्षात मिळालं नाही.”

*

गेल्या महिन्यात ठाण्यात एका नव्या वाचनालयाचे उद्घाटन होते. दर्शनी भिंत पूर्ण काचेची, दीड पुरुष उंच. पाहुणे अकराला येणार. संगीता रजेवर, जयवंत आंबिवलीला. दत्ताराम एकटा, ठाकुर्ली घेऊन.

साडेआठला त्याचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती.

“अण्णा, ही भिंत ठाकुर्लीनं होत नाही. दहा इंचांच्या ओढी, एकीला एक लागून. ऊन आलं की रेघा दिसतात. तुम्हीच सांगा, हिला माप कुठलं?”

उत्तर मला माहीत होते. नऊ वर्षे मी हेच शिकवत आलो की कोपऱ्याला कोपर आणि मोठ्या काचेला कल्याण. किल्ली काढली. अठरा इंची वायपर पूजेच्या पिशवीत घातला आणि ठाण्याला गेलो.

दत्तारामने पिशवीतून डोकावणारी मूठ पाहिली. त्याचे डोळे भरून आले. त्याने ती हातात घेतली, काचेसमोर उभा राहिला आणि हात वर नेला.

हात कानापाशी थांबला.

त्याने पुन्हा नेला. पुन्हा तिथेच थांबला.   घड्याळात साडेनऊ झाले होते.

“द्या इकडे,” मी म्हणालो.

“कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“अण्णा, तुम्ही आयुष्यात काच पुसली आहे?”

“चष्म्याची.”

मी बाह्या सरसावल्या, दत्तारामची हत्यारांची पिशवी कंबरेला बांधली, स्टुलावर चढलो आणि वायपर काचेला लावला. पहिल्या ओढीत सगळे पाणी माझ्या बाहीत आले.

“दाबू नका! काच आहे, पापड नाही!” दत्ताराम खालून ओरडू लागला. नऊ वर्षे मी त्याला जे सुनावले, ते सर्व त्याने अर्ध्या तासात फेडले. “सरळ! सरळ! तुमचं अक्षर एवढं सरळ, आणि हात असा वाकडा कसा?”

वरची ओढ घेताना माझा हात खाली घसरू लागला. तो ओरडला, “अण्णा, कोपर! कोपर!”

मी कल्याण खाली ठेवले, कंबरेच्या पिशवीतून सहा इंची काढला आणि वर पाहिले.

दत्तारामने कपाळावर हात मारला. डावा. “ते नव्हे हो! तुमचं स्वतःचं! हाताचं कोपर! वर घ्या!”

मी पुन्हा कल्याण उचलले. कोपर वर घेतले. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि मागे एकही रेघ राहिली नाही. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. दत्तारामने तो माझ्या खिशातून काढला, बटण दाबले आणि माझ्या तोंडापुढे उंच धरला. वैशालीताई होत्या.

“अण्णा, खोलीला कुलूप दिसतंय. तुम्ही ठाण्याला गेलात म्हणे? खरं सांगा. दत्तूभाऊंच्या हातात कल्याण आहे का?”

मी खाली पाहिले. दत्तारामच्या हातात मोबाइल होता.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

“मग एवढी काच कशानं चाललीय?”

माझा हात पुन्हा घसरत होता. दत्ताराम सवयीने ओरडला, “कोपर, अण्णा! कोपर!”



“कोपर?” वैशालीताईंचा आवाज एकदम मऊ झाला. “एवढ्या भिंतीला सहा इंची! दत्तूभाऊ, शेवटी ऐकलंत माझं. राहू द्या हो काचेवरच. सावकाश करा.”

फोन बंद झाला. मी विचारले गेले तेवढ्याचे खरे उत्तर दिले होते. स्टुलावरून उतरलो. अकराला दहा मिनिटे होती. भिंतीतून समोरचा रस्ता असा दिसत होता, की मध्ये काही आहे हेच कळू नये.

दत्ताराम बराच वेळ काचेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “एक रेघ राहिली, अण्णा.”

“कुठे?”

“खाली. डाव्या कोपऱ्यात. ती मी काढतो. गुडघ्यावर बसावं लागेल.” त्याने डावा हात पुढे केला, मग उजवा. “कोपर द्या.”

या वेळी मला चूक करायची नव्हती. मी दोन्ही पुढे केली, सहा इंची आणि हाताचे.

त्याने दोन्ही घेतली.